कागदावर नसेल, तर कोणाच्या अंगावर?

(स्वतंत्रपणे कामधंदा करणाऱ्या स्त्रियांच्या रत्नागिरीतील एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळच्या सत्रात घरातल्या मारझोडीबद्दल बोलणं झालं, मग रेशनबद्दल. आता जेवणानंतर, झोपेच्या वेळी, 'करार आणि विमा' हा विषय माझ्या वाट्याला आला आहे. विषय ऐकून दोघीतिघींनी पदराआड जांभई दिली, ती मी पाहिली. त्यांना दोष देत नाही. वीस वर्षांपूर्वी मीही दिली असती.

मी वकील नाही. विम्याची एजंटही नाही, त्यामुळे शेवटी कोणाकडून फॉर्म भरून घेणार नाही. मी बागा करते. बंगल्यांच्या, हॉटेलांच्या, शाळांच्या आवाराचा आराखडा काढते, झाडं निवडते, माती, चिरा, पाइप मागवते आणि माणसं लावून काम उभं करून देते. माझ्यासारख्या सातआठजणी इथे बसल्या आहेत. बाकीच्या कोणी शिवणकाम करतात, कोणी डबे देतात, कोणी घरांची सजावट करतात. धंदा वेगळा असला तरी मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू आहे.

आधी आपण इथवर कशा आलो ते आठवून पाहा. आपल्या आज्या आणि आया बागाच करत होत्या. पुरुष मुंबईला गिरणीत, घर मनिऑर्डरवर, आणि मागे राहिलेली बाई कलमांना पाणी घालते, परसात अळू लावते, पावसाआधी गडगा दुरुस्त करून घेते. त्याला कोणी काम म्हटलं नाही. सातबारावर नाव नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. गणपतीपुळ्याच्या बाजूला हॉटेलं वाढली, मुंबई-पुण्याच्या लोकांनी बंगले बांधले आणि त्यांना बागा हव्या झाल्या. तेव्हा आपल्या हातातली कला बाजारात आली. पण ती आली घरातल्यासारखीच. 'वहिनी, जरा आमच्या अंगणाकडे बघा ना.' ना दर ठरलेला, ना मुदत, ना कागद.

कायद्यानेही आपल्याला असंच मोकळं सोडलं आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणी केल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. त्या कायद्याच्या ३७ व्या कलमात 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला, म्हणजे झाडं आणि मोकळ्या जागांची रचना करणाऱ्याला, वगळलं आहे. त्यामुळे पदवी नसलेल्या बाईलाही या धंद्यात यायला अडकाठी नाही, ही चांगली गोष्ट. पण आपल्यामागे कोणती परिषद नाही, ठरलेलं दरपत्रक नाही, तयार करारनामा नाही. जे काही संरक्षण असेल ते आपणच लिहून घ्यायचं.

मी ते लिहून घेतलं नव्हतं. त्यातून काय झालं ते सांगते. हे मी आजवर चारचौघीत बोललेले नाही.

काही वर्षांपूर्वी समुद्राकडच्या एका हॉटेलचं काम माझ्याकडे होतं. उतारावर हिरवळ करायची होती, म्हणून खालच्या अंगाला जांभ्याच्या चिऱ्याची चार फूट उंच भिंत घ्यायची आणि मागे माती भरायची, असा माझा आराखडा. भिंतीतून पाणी बाहेर पडायला भोकं ठेवायची, हेही मी काढलं होतं. एके दिवशी मालकांचा फोन आला. 'भिंत सहा फूट घ्या, म्हणजे लॉन रुंद होईल आणि खुर्चीत बसून समुद्र दिसेल.' मी 'बरं' म्हटलं. ही माझी चूक. दोन फूट उंची वाढली की पायाही वाढवावा लागतो, एखाद्या इंजिनिअरला विचारावं लागतं, हे मला कळत होतं. पण मे महिना संपत आला होता आणि मागचे पैसे अडकले होते. मुकादमाने घाईत भोकंही बुजवून टाकली. तेही मी वेळेवर पाहिलं नाही.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मागची माती पाण्याने फुगली आणि भिंतीचा तुकडा खाली आला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो कोणाच्या भिंतीची गय करत नाही. खाली घमेली धुणारी एक बाई सापडली. कर्नाटकातून आलेली, मला 'अक्का' म्हणायची. मांडीचं हाड मोडलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मालक म्हणाले, 'माणूस तुमचा.' मी म्हटलं, माणूस मुकादमाचा. मुकादमाने दोन दिवस फोन घेतला आणि तिसऱ्या दिवशी तो गावी निघून गेला. हजेरीपट माझ्याकडे नव्हता. त्याची ती खिशातली वही, तीही त्याच्याबरोबर गेली. त्या बाईचं नाव कोणाच्याही कागदावर नव्हतं. आणि मग मालकांनी सुचवलं, 'ती त्या दिवशी कामावर नव्हतीच, पाणी भरायला आली होती, असं म्हणा. तुमचं राहिलेलं बिल मी उद्या देतो.'

मैत्रिणींनो, मी तसं म्हटलं नाही. पण त्यांना 'नाही' असंही लगेच म्हटलं नाही. आठ दिवस मी गप्प बसले. एरवी स्त्रियांच्या मोर्च्यात घोषणा देणारी मी, आठ दिवस हिशेब करत होते की माझे पैसे बुडाले तर काय. शेवटी बांगड्या गहाण ठेवून दवाखान्याचं बिल भरलं. मालकांनी माझं बिल दिलं नाही, आणि ते मागायला माझ्याकडे कागद नव्हता. ती बाई चार महिने अंथरुणावर होती. नंतर लंगडत गावी गेली. नुकसानभरपाई म्हणून तिला एक रुपया मिळाला नाही. माझ्याकडूनही नाही. दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे मी मोठं उपकार केले, अशीच माझी तेव्हा समजूत होती.

पुढे एका वकीलबाईंनी मला कायदा समजावून सांगितला, तेव्हा ते उपकार नव्हते, ती माझी जबाबदारी होती, आणि मी तिचा अर्धाही भाग पार पाडला नव्हता, हे कळलं. पण तोवर दावा करण्याची दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती.

कायदा काय म्हणतो ते ऐका. तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. आता त्याच्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मुख्य गाभा तोच आहे. कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. भरपाई द्यावीच लागते. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच आकडा. तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के. शिवाय उपचारांचा खर्च. म्हणजे त्या बाईची मजुरी महिना बारा हजार धरली, तर पंधरवड्याला तीन हजार, चार महिन्यांचे चोवीस हजार. पाय कायमचा अधू झाला त्याचं वेगळं. हे तिचे हक्काचे पैसे होते.

आणि द्यायचे कोणी? इथे आपण बायका फसतो. आपल्याला वाटतं, मालक म्हणजे हॉटेलवाला, आपण बिचाऱ्या मधल्या. पण कायदा विचारतो, हे काम कोणाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहे? हॉटेलवाल्याचा धंदा खोल्या देण्याचा. बागेचा धंदा माझा. ते काम मी मुकादमाला पोटात दिलं, तर मुकादमाच्या माणसांची भरपाई माझ्याकडून मागता येते. मी नंतर ती मुकादमाकडून वसूल करावी, सापडला तर! काही मुकादम मजुरांचा अंगठा घेऊन ठेवतात की 'अपघाताची जबाबदारी माझी मी'. असा कागद कायद्यात टिकत नाही. आपण तर तो कधीच घेऊ नये.

म्हणून मी म्हणते, करार आणि विमा हा केवळ आपल्या नफ्यातोट्याचा विषय नाही. जे नुकसान कागदावर कोणाच्या नावे लिहिलेलं नसतं, ते नाहीसं होत नाही. ते घरंगळत खाली जातं आणि सगळ्यांत खाली उभी असलेल्या बाईच्या अंगावर पडतं. वरचा माणूस आपल्याला 'वहिनी' म्हणून राबवतो हे आपल्याला दिसतं. आपण खालच्या बाईला कसं राबवतो, हेही बघायला हवं.

आता करार. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारही मानतो. अडचण असते ती पुराव्याची. त्याच कायद्याचं ११ वं कलम करार करायला कोण पात्र ते सांगतं. माणूस सज्ञान हवा, त्याचं मन ठिकाणावर हवं, आणि कायद्याने त्याला मनाई केलेली नसावी. तो पुरुष असावा, किंवा बाई असेल तर तिच्या नवऱ्याची संमती असावी, असं त्यात कुठेही नाही. तरी आपल्याकडे अजून विचारतात, 'साहेब कधी भेटतील? त्यांच्याशी बोलून घेतो.' आणि आपणही बिल नवऱ्याच्या नावाने काढतो, पैसे त्याच्या खात्यावर घेतो. तसं करू नका. काम तुमचं, सही तुमची, खातं तुमचं. उद्या घरात काही बिनसलं तर 'हा धंदा माझा' हे दाखवायला तोच कागद लागतो.

लांबलचक करारनामा नको. मी एक दोन पानी मराठी पत्र वापरते. त्यात काय असतं ते सांगते.

पहिलं, काम काय आणि काय नाही. आराखडा, झाडांची यादी, देखरेखीच्या किती भेटी. अमुक उंचीवरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, वीज ही कामं माझ्या आराखड्यात येत नाहीत, त्यासाठी मालकांनी इंजिनिअर नेमायचा, हे स्पष्ट.

दुसरं, बदल. तोंडी सांगितलेला कुठलाही बदल मी मालकांना लिहून कळवते आणि त्यांच्या लेखी होकाराशिवाय हात लावत नाही. मोबाइलवरचा निरोपही चालतो. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा असा व्यवहार मानतो. पण कोर्टात तो दाखवताना २०२३ च्या साक्ष अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून निरोप पुसू नका. त्या दिवशी मी 'भिंत सहा फूट करायची असेल तर इंजिनिअरचा सल्ला घ्यावा लागेल' एवढी एक ओळ पाठवली असती, तर कदाचित ती भिंत झालीच नसती.

तिसरं, पैसे. काम सुरू होण्याआधी किती, माती-चिरा पडल्यावर किती, लावणी झाल्यावर किती. आराखड्याची फी वेगळी आणि कामाची रक्कम वेगळी. याचं कारण पुढे सांगते.

चौथं, झाडं जगण्याची हमी. आपल्या कातळावर खड्ड्यात माती भरून लावलेली बकुळ नि सुरंगी एप्रिल-मे महिन्यात पाण्यावाचून उभी राहत नाही. मालक मुंबईला, राखणदार पंप लावत नाही, आणि झाड मेलं की दोष आपला. म्हणून पाणी कोणी घालायचं, किती महिने मी मेलेलं झाड बदलून देणार, आणि कुठल्या कारणांनी देणार नाही, हे लिहायचं. वादळाचंही लिहायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या, ते तुम्ही पाहिलं आहे. लावलेली बाग वादळाने गेली तर तोटा कोणाचा, हे आधी ठरलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

पाचवं, परवानग्या. आंबा, फणस तोडायलासुद्धा १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, समुद्राकाठी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. परवानगी आणणं मालकाचं काम, आणि कागद हातात येईपर्यंत मी कुऱ्हाड लावू देणार नाही, हे लिहिलेलं हवं.

सहावं, कामगार. मुकादमाशी मी आता वेगळा कागद करते. रोजचा हजेरीपट मी स्वतः ठेवते, त्यात प्रत्येक बाईचं पूर्ण नाव. 'मुकादमाची माणसं - सहा' असं लिहायचं नाही. समान कामाला बाई आणि बुवा दोघांना समान मजुरी. हे १९७६ च्या कायद्यापासून आहे, आता ते वेतन संहितेत आहे. आपण ते पाळत नाही, आणि 'बायकांचा रोज कमीच असतो' असं इतरांसारखंच म्हणतो.

सातवं, जबाबदारीची मर्यादा. माझ्या आराखड्यातल्या चुकीमुळे मालकाचं नुकसान झालं तर मी किती रकमेपर्यंत जबाबदार, हे लिहून घेते. उलट काही मोठे मालक स्वतःचा छापील करार पुढे करतात. त्यात एक ओळ असते, 'कोणत्याही कारणाने झालेल्या सर्व नुकसानीची भरपाई कंत्राटदार करील.' ती ओळ खोडल्याशिवाय सही करू नका. कायद्याने आपल्यावर नसलेली जबाबदारी करारात आपणहून घेतली, तर विमा कंपनीही सहसा हात वर करते.

आठवं, आराखडा कोणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणारीने काढलेलं रेखाटन तिचं असतं. लेखी देऊन टाकल्याशिवाय हक्क जात नाही. एका बागेसाठी घेतलेला आराखडा दुसऱ्या दोन बंगल्यांवर वापरायचा असेल तर पुन्हा फी, असं लिहा.

नववं, वाद झाला तर कोर्ट रत्नागिरीचं. मुंबईचे मालक 'मुंबई' लिहितात. तारखेला रातोरात गाडी पकडून जाणं आपल्याला झेपत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

हे पत्र योग्य रकमेच्या मुद्रांकावर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीच्या १०० रुपयांच्या जागी बऱ्याच कागदांना ५०० रुपये लागतात. कामाची रक्कम मोठी असेल तर दर विचारून घ्या. मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही, पण कोर्टात दाखवायच्या वेळी दंड भरावा लागतो.

आता थकलेले पैसे. आपल्यातल्या कितीजणींनी उद्यम नोंदणी केली आहे? हात वर करा. चार. बाकीच्यांनी या महिन्यात करा, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. मालकाला कामाबद्दल तक्रार असेल तर तीही १५ दिवसांत लेखी करायला हवी, नाहीतर काम स्वीकारलं असं धरलं जातं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि तो आपल्या ठिकाणाहून करता येतो. परिषदेचा निवाडा मालकाला मान्य नसेल, तर ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय तो कोर्टात आव्हान देऊ शकत नाही.

दोन इशारे. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी, नंतर केलेल्या नोंदणीवर वाद होतात. आणि बांधकाम-मजुरी-माल सगळं एकत्र असलेल्या कंत्राटाला हा कायदा लागू नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. म्हणूनच आराखड्याची फी वेगळी लिहा, तिचं बिल वेगळं काढा.

नोंदणीच नसेल तर? तरी करार कायद्याचं ७० वं कलम आहे. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा फायदा दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. दावा मात्र सर्वसाधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांत करायला हवा. वकिलाला पैसे नाहीत, असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मागता येतं. जिल्हा न्यायालयातच त्याचं कार्यालय असतं.

शेवटी विमा. आपल्या कामाला तीन वेगवेगळे विमे लागतात, आणि एकाचं काम दुसरा करत नाही.

एक, कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा. तो मजुरीच्या रकमेवर काढतात. एका कामापुरताही काढता येतो का, ते कंपनीला विचारा. मी म्हणेन, पहिला हा काढा. भिंत पडली त्या दिवशी हा असता तर त्या बाईला तिचे पैसे मिळाले असते आणि मला ते आठ दिवस गप्प बसायचा मोह झाला नसता.

दोन, तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा, ज्याला सार्वजनिक दायित्व म्हणतात. आपण केलेल्या पाखाडीचं काम चालू असताना शेवाळावरून पाहुणा घसरला, आपल्या माणसाच्या हातून शेजाऱ्याची पाइपलाइन फुटली, तर हा उपयोगी. याच नावाचा १९९१ चा एक कायदा आहे. तो भोपाळच्या वायुकांडानंतर झाला आणि धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. एजंटाने गोंधळ केला तर तुम्ही करू नका.

तीन, व्यावसायिक चुकीचा विमा. आपण दिलेल्या सल्ल्यात, आराखड्यात चूक झाली तर हा लागतो. 'झाडं लावण्यात कसली चूक?' असं विचारतात. माडाखाली बाक दाखवला, आणि नारळ कोणाच्या डोक्यात पडला. ही आराखड्याची चूक. बालवाडीच्या कुंपणाला पिवळी कण्हेर लावली, आणि पोराने बी तोंडात घातलं. ती विषारी असते हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं. हा विमा वास्तुविशारद, इंजिनिअर, सजावटकार यांच्यासाठी असतो, त्यात आपलं काम नेमकं काय ते लिहून घ्यावं लागतं. भिंतीही करत असाल तर 'फक्त झाडं' असं लिहू नका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी पहिली बाहेर येते. आणि लक्षात ठेवा, या विम्यात दावा विमा चालू असतानाच यावा लागतो. बाग २०२४ साली केली, विमा २०२५ साली बंद केला, दावा २०२६ साली आला, तर काही मिळत नाही. म्हणून खंड पडू द्यायचा नाही, आणि जुनी कामं कोणत्या तारखेपासून धरली आहेत ते पाहून घ्यायचं. दंड, फसवणूक, जाणूनबुजून केलेलं काम यात येत नाही. दाव्याची कुणकुण लागली की कंपनीला लगेच लेखी कळवायचं, आणि त्यांना न विचारता 'चूक माझीच' असं मालकाला लिहून द्यायचं नाही. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकटीने चालवलेल्या धंद्याच्या आणि सूक्ष्म उद्योगाच्या तक्रारी तिथे घेतात, आणि त्याला फी नाही.

तुमच्या मनातलं मला ऐकू येतंय. 'एवढा कागद पुढे केला तर गिऱ्हाईक पळेल.' माझेही दोन पळाले. त्यातल्या एकाचं काम दुसऱ्या बाईने घेतलं आणि तिचे पैसे त्याने बुडवले. ती आज इथे आहे, हसते आहे बघा. म्हणून हे एकटीने करण्यासारखं नाही. रत्नागिरीतल्या आपण दहाबाराजणींनी एकच पत्र वापरायचं ठरवलं, तर 'ती दुसरी बाई कागद मागत नाही' हे म्हणायची सोय राहणार नाही. विमा कंपनीकडेही सगळ्या मिळून गेलो, तर अटी विचारून घेता येतील, हप्ता कमी करा म्हणता येईल.

विम्याचा हप्ता कोणी भरायचा? दरपत्रकात तो खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. चिरा किती, माती किती, तसा कामगारांचा विमा किती. मालक विचारतो, 'हे कशाला?' मी सांगते, 'तुमच्या भिंतीखाली जी बाई काम करणार आहे, तिच्यासाठी.' बहुतेक लोक यावर वाद घालत नाहीत. जे घालतात, त्यांचं काम मी घेत नाही.

त्या बाईला मी नंतर शोधलं. तिच्या गावचा फोन मिळाला, तीनचार वेळा बोलणं झालं. कायद्याने जेवढे निघाले असते तेवढे पैसे मी हप्त्याहप्त्याने पाठवले. शेवटचा हप्ता पोचला तेव्हा तिने विचारलं, 'अक्का, हे कशाचे?' मला कन्नड येत नाही, तिचं मराठी तोकडं. 'तुझ्या पायाचे' एवढंच म्हणता आलं. ती म्हणाली, 'तेव्हा द्यायचे होते.'

तिचं बरोबर होतं. तेव्हाच द्यायचे होते. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन कागद घेऊन यावेत. एक, सध्या चालू असलेल्या कामाचा जो काही लेखी पुरावा असेल तो, मग ती चिठ्ठी असो की मोबाइलवरचा निरोप. आणि दुसरा, त्या कामावर आज किती माणसं आहेत, त्यांची पूर्ण नावं. दुसरा कागद लिहिताना जिचा हात अडेल, तिच्यापासून आपण सुरुवात करू.